झाकण्याआधी

कार्तिकातल्या एका सकाळी, वयाच्या 69व्या वर्षी, माझ्या सासूबाई लाकडी शिडीवरून 7 फूट खोल खड्ड्यात उतरल्या. ठेकेदार, मिस्त्री आणि मी वर उभे राहून त्यांना विनवत होतो आणि त्या मात्र पदर खोचून खड्ड्याच्या भिंतीला हात लावून पाहत होत्या. वरची पाचेक फूट माती काळी, चिकट आणि आतून अजून ओली होती. तिच्याखाली चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा एक पातळ थर होता आणि अगदी तळाशी पिवळसर, दाणेदार मुरूम लागला होता. त्यांनी मुरमाचा एक खडा नखाने खरवडून पाहिला, तो मुठीत धरून त्या वर आल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "आता भरा."

आमचे घर असे सुरू झाले. भूमिपूजन दसऱ्याला झाले होते, नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते. पण माझ्या मनात घराचा आरंभ म्हणून जो क्षण राहिला आहे, तो हाच आहे. त्या दिवसापासून घर पूर्ण होईपर्यंत आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) एक नियम धरून ठेवला. जे झाकले जाणार आहे, ते झाकण्याआधी पाहून घ्यायचे, आणि पाहिलेले वहीत लिहून ठेवायचे. वही माझ्या शाळेतली, शंभर पानी, चौकटींची होती. तिच्या पहिल्याच पानावर त्यांनी लिहिले, "खड्डा 7 फूट. मुरूम लागला. पिवळा." आणि पुढे तिथी घातली.

नागपुरात हुडकेश्वरच्या पुढे एका लेआउटमध्ये 30 बाय 50 फुटांचा हा प्लॉट आम्ही चौदा वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा तिथे चारी बाजूंना वावरे होती आणि पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन जावे लागे. आईंचा संसार नागपूरच्याच महाल या वस्तीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली आणि पुढे कधीतरी शहाबादी फरशी घातलेली जमीन, आणि पाणी भरायला सहा बिऱ्हाडांत एक नळ. त्या घरात त्यांना कधी एक खिळासुद्धा मालकाला विचारल्याशिवाय ठोकता आला नाही. नव्या घराविषयी त्यांच्या मनात काय असेल, याचा मी माझ्या परीने अंदाज केला होता. स्वयंपाकघर मोठे असावे, देवघर पूर्वेला असावे, एवढेच त्या सांगतील असे मला वाटले होते. त्यांचे लक्ष जमिनीखाली लागले असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्याचे कारण त्यांच्या माहेरात आहे. त्यांचे माहेर वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे. वडिलांचे कापसाचे वावर होते. काळी माती म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पावसाळ्यात ती फुगते, पायाला किलोभर चिकटून येते. वैशाखात ती आक्रसते आणि तिला अशा भेगा पडतात की वासराचा खूर अडकावा. "वावरात हे माती लक्ष्मी हाय, अन् घराखाली वैरीण," असे त्या ठेकेदाराला म्हणाल्या, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आमच्या इंजिनिअर मुलीने मान डोलावली. ही मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिने पुढे जे सांगितले ते आईंच्या बोलण्याचेच दुसऱ्या भाषेतले रूप होते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. नागपूर त्या थरांच्या पूर्वेकडच्या काठावर येते. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याच दगडाच्या. तो दगड कुजून, झिजून जी माती झाली तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. कापसाला हीच माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. घराच्या पायाला ती मानवत नाही, आणि कारण तेच आहे. अशा जमिनीत ऋतूंप्रमाणे होणारा ओलीचा फेरफार साधारण 3.5 मीटर खोलीपर्यंत पोहोचतो, म्हणून जिथे काळी माती फार खोल असते तिथे तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात, जेणेकरून घराचे पाय हलत्या थराच्या खाली रोवले जावेत. आमच्या नशिबाने 7 फुटांवर मुरूम लागला आणि साध्या फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पसरट पायावर, काम भागले.

खड्ड्यांतून निघालेली काळी माती प्लॉटच्या कोपऱ्यात ढिगाने पडली होती. जोत्याच्या आत भर घालताना तीच वापरावी, म्हणजे मुरमाचा खर्च वाचेल, असा ठेकेदाराचा आग्रह होता. मला त्याचे म्हणणे पटलेही होते, कारण एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि आमच्या जोत्याला किती ब्रास मुरूम लागेल याचा हिशोब मीच करून पाहिला होता. आकडा मोठा होता. आईंनी तो हिशोब नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "वैरीण बाहेर काढली, आता तिला पुन्हा घरात घेता का?" माती गेली आणि मुरूम आला. फुटाफुटाचे थर टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून तो भरला गेला. प्रत्येक थराची नोंद वहीत आहे.

भिंतींच्या जागा चुन्याच्या फक्कीने आखल्या गेल्या त्या संध्याकाळी माझी मुलगी रडवेली झाली. तिच्या खोलीत ती हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, इथे माझा पलंगसुद्धा मावणार नाही. उघड्या आकाशाखाली आखलेली खोली काडेपेटीएवढी वाटते, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. भिंती कमरेएवढ्या आल्या की ती आणखी लहान होते, आणि स्लॅब पडून खिडकीतून उजेड एका बाजूने येऊ लागला की अचानक मोठी होते. हे असे का होते, याचा विचार मी अजून करते.

मी गणित शिकवते, त्यामुळे माझ्या वाट्याला मोजमापे आली. रेती कन्हान नदीची होती. नागपुरात चांगली रेती म्हटले की अजूनही कन्हानचेच नाव निघते. ट्रक आला तेव्हा रेती ओली होती. ती मुठीत धरली तर गोळा होत होता आणि हात सोडला की तळव्यावर थोडासा गाळ राहत होता. इंजिनिअर मुलीने घरातून एक काचेची बरणी मागवली. आईंनी लोणच्याची रिकामी बरणी धुऊन, वाळवून दिली. तिच्यात ओली रेती सैलसर भरली तेव्हा ती आठ बोटे भरली; मग वरून पाणी ओतून ढवळली आणि खाली बसू दिली तर साडेसहा बोटांवर आली. वर गाळाचा एक बारीक थर साचला, तो चालण्याजोगा होता. ओल्या रेतीचे कण पाण्याच्या पातळ पापुद्र्यामुळे एकमेकांना टेकत नाहीत आणि रेती फुगलेली दिसते. आमची रेती सुमारे 23 टक्के फुगलेली होती. घमेल्याने मोजून माल कालवताना हे लक्षात घेतले नाही तर घमेले भरलेले दिसते आणि रेती मात्र कमी पडते. त्या दिवसापासून मिस्त्रींनी ओल्या रेतीचे माप वाढवून घेतले. मुलांना वर्गात टक्केवारी शिकवताना नफा-तोट्याची उदाहरणे देत माझी वीस वर्षे गेली. आता मी ही बरणी वर्गात नेते.

विटांवरून मात्र घरात मतभेद झाला. आईंना लाल, भट्टीत भाजलेली वीट हवी होती. ठेकेदाराने राखेची वीट आणली. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे नागपूरच्या उंबऱ्यावर असल्याने इथे त्या राखेच्या विटा मुबलक मिळतात. केंद्र सरकारने 1999 साली अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या आसपासच्या बांधकामात राख वापरणे बंधनकारक करायला सुरुवात केली, त्याचाही हा परिणाम. आईंनी आयुष्यभर राखेने भांडी घासली होती. राखेची भिंत ही कल्पना त्यांच्या मनाला शिवेना. शेवटी एक वीट त्यांनी रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, सकाळी काढून दुसऱ्या विटेवर आपटली, खणखणीत आवाज ऐकला आणि काही न बोलता वहीत लिहिले, "राखेची वीट. चालेल." सुपीक मातीचा थर खरवडून भट्टीत जाळण्यापेक्षा जी राख एरवी तलावांमध्ये साचत राहते ती भिंतीत गेलेली मला बरी वाटते. हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही, कारण त्यांचा निर्णय आवाजावरून झाला होता आणि तो त्यांचा होता.

चूक घडली ती फाल्गुनात. मिस्त्री बालाघाटकडचे आणि बरेचसे मजूर छत्तीसगडचे. होळीला गावी जाण्याची त्यांना घाई होती आणि ती घाई मला समजत होती. ज्या दिवशी जिन्याजवळचे कॉलम भरले त्या दिवशी माझी शाळेत परीक्षा होती आणि आई एका लग्नाला वर्ध्याला गेल्या होत्या. बांधकामावर आमच्यापैकी कोणीही नव्हते, असा तो पहिलाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी फळ्या उघडल्या तेव्हा एका कॉलमच्या पायथ्याशी हातभर उंचीपर्यंत नुसती गिट्टी दिसत होती. सिमेंटचा माल तिच्यात उतरलाच नव्हता आणि एका ठिकाणी सळई उघडी पडली होती. माल उंचावरून एकदम ओतला गेला होता आणि व्हायब्रेटर खालपर्यंत सोडलेला नव्हता. ठेकेदाराने वरून घट्ट माल थापून देतो, दिसणारही नाही, असे सांगितले. दिसणार नाही, हीच तर अडचण होती. इंजिनिअर मुलीने हातोड्याने ठोकून पाहिले आणि आतून पोकळ आवाज आला. वर अजून स्लॅब नव्हता, कॉलमवर स्वतःखेरीज कोणाचे वजन नव्हते. तोडायचा असेल तर तो आताच तोडता येणार होता. दोन दिवस बोलाचाली झाली. मी एरवी वाद टाळणारी बाई आहे, पण त्या दोन दिवसांत माझा आवाज चढला. शेवटी कॉलम तोडला गेला, सळया स्वच्छ केल्या गेल्या आणि होळीनंतर मजूर परतल्यावर तो पुन्हा भरला गेला. त्या वेळी आई सूर्योदयापासून खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. मिस्त्रींनी आपणहून येऊन "माताजी, माफ करो," म्हटले. आईंनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या लेकरांची चौकशी केली. वहीतली त्या दिवसाची नोंद मात्र कठोर आहे: "जिन्याजवळचा कॉलम. आपण नव्हतो."

स्लॅब चैत्रात पडला. त्या दिवसाविषयी लिहावे तेवढे थोडे आहे. पहाटे पाचला मिक्सर आणि लिफ्ट आली, सहाला पहिला माल वर गेला, कारण उन्हे चढण्याआधी जितके होईल तितके करायचे होते. आईंनी त्याआधीच, बॅटरीच्या उजेडात, सळयांची जाळी पाहून घेतली. सळई खालच्या फळीला टेकू नये म्हणून ठेवलेले सिमेंटचे ठोकळे जागच्या जागी आहेत का, वायरिंगचे पाइप कुठे चिरडले तर गेले नाहीत ना, हे त्यांनी वाकून वाकून पाहिले. दहाच्या सुमारास तर्री पोहे आले आणि सगळे आळीपाळीने खाली उतरले. रेजांनी, म्हणजे मजूर बायांनी, डोक्यावरच्या चुंबळी काढून गुडघ्यांवर ठेवल्या होत्या. त्यांच्यातली एक, पंचविशीची, तिचे लहान बाळ सावलीत साडीच्या झोळीत निजले होते. त्या झोळीला झोका देत आई तासभर तिथेच बसल्या. संध्याकाळी शेवटचे घमेले रिकामे झाले तेव्हा मजुरांनी शिट्ट्या वाजवल्या आणि माझ्या मुलीने सगळ्यांना लाडू वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर मालाचे लहान लहान बांध घालून चौकोन केले गेले आणि त्यांत पाणी भरले गेले. याला आपल्याकडे तराई म्हणतात. आई त्या चौकोनांना वाफे म्हणू लागल्या. रेजा त्यांना खेत म्हणत होत्या, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर धानाच्या बांध्या होत्या. कापसाच्या मुलखातली एक बाई आणि धानाच्या मुलखातल्या चार बाया सिमेंटच्या त्या पाण्यात पाय टाकून उभ्या राहिल्या, पाणी किती द्यायचे, कोणत्या वेळी द्यायचे, यावर बोलत राहिल्या, आणि मला पहिल्यांदा जाणवले की त्या सगळ्या जणी एकाच कामाविषयी बोलत आहेत. काँक्रीट वाळून कडक होते, असा माझा इतके दिवस समज होता. ते वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया दिवसेंदिवस चालू राहते, 28 दिवसांच्या ताकदीवरून त्याची प्रत ठरते, आणि त्या काळात पाणी उडून गेले तर ती क्रिया अर्ध्यावर राहते. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओल हवी. राख मिसळलेले सिमेंट असेल किंवा हवा कोरडी आणि तापलेली असेल तर किमान 10 दिवस. आमचे सिमेंट राखेचे होते आणि हवा नागपूरच्या चैत्रातली होती.

आई पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊला, अशा दोन वेळा पाणी देत. दुपारी बाराला ओले बारदाने उलटून पालटून ठेवण्याचे काम रेजांकडे होते. हे 21 दिवस चालले. बोअरवेलला पाणी होते, पण लेआउटमध्ये सगळ्यांकडे नव्हते. सकाळी टँकरपुढे डब्यांची रांग लागलेली असे आणि आमच्या स्लॅबवर पाणी साचलेले असे. ते दृश्य मला टोचत होते. आईंनी त्याचा मार्ग त्यांच्या रीतीने काढला. आमच्या बोअरचा पाइप आधी समोरच्या दोन बिऱ्हाडांच्या टाक्यांत जायचा आणि मग स्लॅबवर. त्यामुळे पहाटे त्यांना आणखी अर्धा तास लवकर उठावे लागे.

सातव्या दिवशी ठेकेदार स्लॅबखालच्या आधाराच्या बल्ल्या काढायला आला. दुसरीकडे काम लागले होते आणि त्याला सेंट्रिंगचे सामान हवे होते. सात दिवस पुरे, असे तो म्हणाला, आणि लहान खोल्यांपुरते ते खरेही होते. 4.5 मीटरपर्यंतच्या अंतराच्या स्लॅबखालचे आधार 7 दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या अंतराला 14 दिवस लागतात. आमचा हॉल 15 फुटांचा होता, म्हणजे 4.57 मीटर. सात सेंटिमीटरांसाठी सात दिवस, असे मी त्याला सांगितले तेव्हा तो माझ्याकडे पाहतच राहिला. आईंनी मात्र दोन्ही आकडे बाजूला ठेवले आणि तराई संपेपर्यंत एकही बल्ली हलू दिली नाही.

आषाढात मजूर रोवणीला गावी गेले आणि पोळ्यापर्यंत काम बंद राहिले. ते महिने पाऊस पाहण्यात गेले. पोळ्यानंतर भिंतींत खाचा पाडून विजेचे आणि पाण्याचे पाइप बसले, आणि प्लास्टर चढण्याआधी माझ्या मुलीने प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे खिळा कुठे ठोकायचा नाही ते कळावे. कूलरसाठी कोणत्या खिडकीबाहेर ओटा हवा आणि तिथवर पाण्याची नळी कुठून येणार, हेही तेव्हाच ठरले. नागपुरात हे आधी ठरवले नाही तर दर उन्हाळ्यात खिडकीशी झटापट होते. माघात गृहप्रवेश झाला. पाहुण्यांनी फरशी पाहिली, रंग पाहिला, स्वयंपाकघराची खिडकी पाहिली आणि सगळ्यांनी कौतुक केले. आई हसून सगळ्यांना घर दाखवत होत्या. मी त्यांच्यामागून चालत होते आणि प्रत्येक खोलीत मला त्यांनी न दाखवलेले घर दिसत होते: या फरशीखाली मुरमाचे थर, या कोपऱ्यात दुसऱ्यांदा भरलेला कॉलम, या छतात त्या पहाटे मोजलेले ठोकळे.

यंदा वैशाखात पारा 45 अंशांच्या वर गेला. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर आई अंगणात उकिडव्या बसून झाडूची काडी जमिनीच्या भेगेत घालून पाहत होत्या. काडी पूर्ण आत गेली. मग त्यांनी बांबूची कामटी आणली, तीही दीड हात गेली. त्यांनी हातात दिवा घेऊन घराच्या चारी बाजूंनी फेरी मारली, प्रत्येक खिडकीचा खालचा कोपरा पाहिला, जोत्याभोवतीची फरसबंदी कुठे सुटली आहे का ते पाहिले. घराला कुठेही तडा नव्हता. कुंपणाची भिंत मात्र मागच्या बाजूने तिरपी फाटली होती. ती अगदी शेवटी, पैसे संपत आले असताना बांधलेली होती, दोन फूट पायावर, काळ्या मातीतच. त्या दिवशी आम्ही सगळे गृहप्रवेशाच्या पत्रिका लिहीत होतो आणि तो चर भरताना कोणी पाहिला नव्हता.

रात्री आईंनी वही काढली, भेगेचे माप लिहिले, भिंतीच्या तड्याची लांबी लिहिली आणि मला मिस्त्रींना फोन लावायला सांगितले. ते गावाकडे पुतणीच्या लग्नात होते, मागे बँडचा आवाज येत होता. आईंनी आधी नवरा मुलगा काय करतो ते विचारून घेतले, आणि मग म्हणाल्या, "भिंत पाडून मुरमापासून घ्यायची आहे. मृग लागण्याआधी या, नाहीतर खड्ड्यात पाणी भरेल. अन् चर खणला की मला बोलवा, मगच भरा."